हात कुठे लागला होता?

खंडेनवमी झाली की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटांना झेंडूचा वास असतो. पुढच्या जाळीत पाकळ्या अडकलेल्या असतात, पॉवरच्या बटणाशेजारी हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात. आश्विन शुद्ध नवमीला लोहाराच्या घणापासून एसटी आगारातल्या पान्यांपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. त्यांच्या ओळीत कॉम्प्युटरही येऊन बसला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पूजा म्हटली की आधी साफसफाई आलीच. वर्षभर टेबलाखाली पायाशी पडून असलेलं ते खोकं त्या दिवशी बाहेर ओढलं जातं, बाजूचा पत्रा निघतो आणि कुणी रंगाचा ब्रश, कुणी केस वाळवायचा ड्रायर, कुणी ओलं फडकं घेऊन कामाला लागतं. संध्याकाळी पूजा, दुसऱ्या दिवशी दसरा. एकादशीला दुकान उघडून बटण दाबावं, तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर काहीच येत नाही.

मग दिवाळीपर्यंत हे चालूच राहतं. दुकानांतले झाले की घरातले येतात, कारण घरांची झाडलोट तेव्हा सुरू झालेली असते.

“कालपर्यंत चांगला चालू होता हो. नुसता पुसला.” दारातून आत येताना बहुतेक सगळे हेच म्हणतात. पुष्कळ दुरुस्तीवाले हे वाक्य कानाआड करतात; गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय असं धरून चालतात. मला मात्र या वाक्याइतकी मोलाची माहिती दुसरी कुठली वाटत नाही. आपणहून बंद पडलेल्या मशीनमध्ये दोष कुठंही असू शकतो: विजेचा झटका बसलेला असेल, कपॅसिटर फुगलेले असतील, हार्ड डिस्क झिजलेली असेल. साफसफाईनंतर बंद पडलेल्या मशीनमध्ये शोधाचं क्षेत्र एकदम आक्रसतं. दोष बहुधा तिथंच असतो जिथं शेवटचा हात लागला. आत काही जळलेलं नसतं, काहीतरी जागचं हललेलं असतं. “मदरबोर्ड गेला” हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात घाईचं वाक्य आहे. ते ऐकून चांगला बोर्ड भंगारात घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी मला ते जिव्हारी लागतं. पैशांचं तर नुकसान होतंच, पण ज्यानं तो पुसला त्याच्या माथी ते कायमचं बसतं.

डेस्कटॉप कॉम्प्युटर हे मुळात जोडलेलं यंत्र आहे. मोबाइलसारखं ते डिंक लावून बंद केलेलं नाही. रॅम स्लॉटमध्ये दाबून बसवलेली, केबली प्लगात खोचलेल्या, प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून वरून लिव्हरनं आवळलेला. डीडीआर-2 आणि डीडीआर-3 रॅमच्या एका पट्टीवर 240 सोनेरी संपर्क असतात, डीडीआर-4 वर 288. त्यातल्या प्रत्येकाला स्लॉटमधली एक बारीक स्प्रिंगची पट्टी दाबून धरते. तिथं डाग दिलेला नाही, फक्त दाब आहे. वर्षानुवर्षं न हललेली पट्टी तिच्या त्या दाबात बसून गेलेली असते. ब्रशचा दांडा तिला लागला, एक टोक केसभर उचललं गेलं, कडेची धूळ स्लॉटमध्ये ढकलली गेली, एवढं पुरतं. हे ज्याला ठाऊक आहे त्याला साफसफाईनंतरच्या बिघाडाचं नवल वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. जे उघडतं ते पुन्हा नीट बसवता येतं. डेस्कटॉपवर माझा जीव आहे तो यासाठीच.

आणि धूळ काढू नये असंही नाही. आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की वाऱ्यावर काजळी उडते आणि खिडकीत ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये ती काळी, चिकट होऊन बसते. इचलकरंजी-मालेगावकडे यंत्रमागांचा कापसाचा तंतू असतो. कोकणात लाल माती आणि पावसाळ्याची ओल. पिठाच्या गिरणीशेजारच्या दुकानातला कॅबिनेट उघडला की आत पांढरं असतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये हे सगळं दाटून घोंगडीसारखा थर होतो, वारा आत जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ म्हणून नवा घेणारे लोक आहेत. त्यातल्या कित्येकांना ब्रश पुरला असता. कोरडी धूळ फारसं काही करत नाही, पण तिच्यात क्षार असतात, ते हवेतली ओल धरतात, आणि ओली धूळ वीज वाहू लागते. म्हणून ओलं फडकं सगळ्यात वाईट. निरुपद्रवी धुळीला ते एका हातासरशी उपद्रवी करून ठेवतं.

‘बंद पडला’ या दोन शब्दांत चार वेगळे आजार दडलेले असतात, म्हणून मी पहिल्यांदा विचारतो ते, बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? काहीच होत नसेल, पंख्याचं पातंही हलत नसेल, तर बहुतेक वेळा वीजच पोचलेली नसते. वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, मागच्या बाजूला छोटा स्विच असतो, तो पुसताना दाबला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नाहीतर पुढच्या बटणाच्या दोन वायरींची इवलीशी टोपी मदरबोर्डच्या पिनांवरून निसटलेली असते. एसएमपीएस स्वतः जागा होतो का ते पाहायचं तर तो बोर्डापासून सोडवून चोवीस पिनांच्या जाड प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीशी जोडायची. पंखा फिरला की मल्टिमीटर लावायचा. पिवळीवर 12 व्होल्ट, लालवर 5, नारिंगीवर 3.3, आणि फरक पाच टक्क्यांच्या आत. एसएमपीएसचं डबडं मात्र घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ टिकून असतात. बाकी सगळ्या कॅबिनेटमध्ये मी लहान मुलांनाही हात घालू देतो, त्या डब्याला नाही.

सुरू होऊन काही क्षणांत बंद होत असेल तर मी थेट हीटसिंककडे जातो. इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. चारही कट् आवाज करून बसाव्या लागतात, आणि साफसफाईत तीनच बसतात. एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये आणखी एक गंमत होते: वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटून, लिव्हर न उघडताच सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. त्या मी बारीक पात्यानं, एकेक करून, सरळ केलेल्या आहेत; ते काम करताना मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. उलट इंटेलच्या 2004 पासूनच्या सॉकेटांत पिना बोर्डावरच असतात, प्रोसेसरच्या पोटाशी नुसते सपाट ठिपके. तिथं ब्रश फिरवला तर बोर्डच जायबंदी होतो. प्रोसेसर काढून सॉकेट ‘स्वच्छ’ करू नये हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण ती जागा धुळीला दिसतही नसते.

पडदा येतो पण विंडोज येत नाही, हा तसा सौम्य प्रकार: हार्ड डिस्कची केबल ढिली, नाहीतर बायोसमधली, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग बदललेली. सगळ्यात जास्त गर्दी असते ती चौथ्या प्रकाराची. पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, डिस्प्ले नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम असतं, आणि ते स्क्रू काढण्याइतकं सोपं नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर वापरणारा एक आणि पुसणारा दुसरा असतो. घरात वापरतो मुलगा किंवा वडील. पुसते आई, आजी, कामाला येणाऱ्या मावशी. दुकानात पुसतो तो सगळ्यात धाकटा पोरगा. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाली, गावोगावी वर्ग निघाले, माऊस धरायला आणि फाइल सेव्ह करायला लाखो लोक शिकले. पण झाकण उघडून आतलं दाखवणारं कुणी भेटेलच असं नव्हतं. ज्यांच्या हातात फडकं होतं त्यांच्यापर्यंत तर ते शिक्षण पोचलंच नाही. आणि यंत्र बंद पडलं की सगळी बोटं फडक्याकडे वळतात. “तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?” हे वाक्य मी माझ्या दुकानात, माझ्यासमोर, वयानं मोठ्या बायकांना त्यांच्या मुलांनी म्हटलेलं ऐकलं आहे. घरात सगळ्यात जास्त काळजी जिनं घेतली तिलाच हे ऐकावं लागतं. मला ते सहन होत नाही, आणि मी तसं बोलून दाखवतो.

त्यात कामाचंही नुकसान आहे. घाबरलेला माणूस माहिती देत नाही. एका घरातला कॅबिनेट मुलगा घेऊन आला होता; आईनं पुसला, एवढंच त्याला माहीत. बोर्डावर स्लॉटच्या कडेला पांढरट-हिरवा डाग होता. मी आईंना फोन लावायला सांगितला आणि मुलाला बाहेर पाठवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फडकं पिळलेलं होतं, पण वरून दोन थेंब गळले असतील.” मुलानं रागावून बटण दाबून दाबून पाहिलं तेव्हाही त्या गप्पच होत्या. पाण्यानं बोर्ड लगेच मरत नाही. ओला असताना वीज दिली की मरतो. त्यांना बोलू दिलं असतं, प्लग काढून तो दोन दिवस उन्हात नव्हे, सावलीत, पंख्याखाली ठेवला असता, तर तो वाचण्याची बरीच आशा होती. म्हणून आता मी “काय केलं?” असं विचारत नाही. हात कुठे लागला होता, असं विचारतो. या प्रश्नाला माणसं बोट दाखवून उत्तर देतात.

गेल्या काही वर्षांत आलेल्यांपैकी एक कॅबिनेट माझ्या मनात घर करून आहे. आमच्या गावात एक ताई डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, आणि दसऱ्याच्या सुमाराला एका स्थानिक दिवाळी अंकाची पानं. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत आश्विन महिना हा मजकूर जुळवणाऱ्यांच्या जिवाला घोर लावणारा महिना आहे. पूर्वी खिळे होते, आता फॉन्ट आहेत, एवढाच फरक. ताईंकडे नवा कॉम्प्युटरही आहे, पण अंक होतो तो जुन्यावर. असेंबल केलेला, एलजीए 775 सॉकेटचा, विंडोज एक्सपी असलेला. त्यात पानं लावायला पेजमेकर, मराठी फॉन्टांसाठी श्रीलिपी, आणि श्रीलिपी चालण्यासाठी लागणारा डोंगल. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला काढून घेतला. ताईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं, त्यांनी त्याला कधी इंटरनेट लावलंच नव्हतं. त्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण ताईंची सगळी वर्षं त्याच्या अलीकडच्या काठावर साठलेली. बाहेरच्या कुणाला तो कॅबिनेट भंगार वाटेल. गावातल्या एका पिढीच्या लग्नांच्या पत्रिका त्यात होत्या.

ताई आल्या त्या तावातावानं. मागं त्यांच्याकडे काम शिकणारा पोरगा, कॅबिनेट छातीशी धरून. “यानं नवमीला पुसला. तेव्हापासून डिस्प्ले नाही. अंकाची चाळीस पानं अडकलीत.” पोरगा काही बोलला नाही. टेबलावर कॅबिनेट ठेवताना त्यानं तो इतका हळू ठेवला की पत्र्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तिथंच मला कळलं की पुसतानाही यानं धसमुसळेपणा केलेला नसणार.

मी ताईंना म्हटलं, तुम्ही समोर चहा घेऊन या, मला थोडा वेळ लागेल. मग त्याला स्टुलावर बसवून विचारलं, “दाखव बरं, सुरुवात कुठून केलीस?”

त्यानं बोटानं दाखवत सांगितलं. आधी पुढचा पंखा. मग हीटसिंक, न काढता, वरूनच. पुढचं तोंड काढलं तेव्हा काही वायरी मध्ये येत होत्या, त्या सोडवल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून पुसल्या, परत लावल्या. प्रोसेसर काढला नाही. पाणी? नाही. ब्लोअर? “नव्हता. ब्रशच होता, घरी दाराला रंग दिला होता त्याचा.”

क्रम चांगला होता, आठवणही. वीज पोचत होती, प्रोसेसरचा वेगळा चार पिनांचा प्लग जागेवर होता, खुंट्या चारही बसलेल्या. मॉनिटरची केबल दुसऱ्या चालू मशीनवर लावून पाहिली, ठीक. आता मी जे केलं ते या सगळ्या विद्येतलं मला सर्वांत आवडणारं पाऊल आहे: सगळं काढून घेणं. हार्ड डिस्क सोडवली, सीडी ड्राइव्ह सोडवला, पुढच्या सगळ्या वायरी काढल्या, रॅमच्या दोन्ही पट्ट्याही काढल्या. राहिला फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि वीज. आणि माझ्याजवळचा छोटा बझर मी बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर लावला, कारण त्या कॅबिनेटचा बझर मूळचाच नव्हता.

कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तो सगळं ठीक असेल तर एकदा बीप करायचा. ती चाल अजून टिकून आहे. बिघाड असेल तर बीपची संख्या आणि लांबी बदलते, आणि कुठल्या बीपचा अर्थ काय ते बायोस कुणाचा आहे त्यावर ठरतं. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी: रॅम अजिबात नसेल तर बोर्ड ओरडतो. तो ओरडला, याचा अर्थ वीज आली, प्रोसेसर जागा झाला, बायोस वाचला गेला आणि रॅम नाही हे त्याला समजलं. म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे हे सिद्ध करायला त्यातून एक वस्तू काढून घ्यायची आणि तक्रारीची वाट पाहायची.

मी बटण दाबलं. एक लांब बीप, थोडं थांबून पुन्हा, पुन्हा. पोरगा दचकून उभा राहिला. “बिघडला?” मी म्हटलं, “नाही रे. हा बोलतोय. बोर्ड ठणठणीत आहे.” त्याचा चेहरा सैल झाला तो मी पाहिला. कॅबिनेट आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं पाठ टेकली.

आता एकेक वस्तू परत. एका वेळी एकच, हे पथ्य मी मोडत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं परत येतं. रॅमची पहिली पट्टी घेतली. आपल्याकडे प्रत्येक दुकानात तिचे सोनेरी संपर्क खोडरबरनं घासतात. उपाय लागू पडतो, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, वारंवार घासून तो निघतो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर एक दोष जाऊन दुसरा येतो. मी पांढरा मऊ रबर एकदाच, हलक्या हातानं फिरवतो, बोर्डापासून लांब, आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसतो. पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपणहून मिटल्या. बटण. एक छोटा बीप, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं.

दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये: चालली. म्हणजे पट्ट्या दोन्ही चांगल्या. पहिली पट्टी पहिल्यात, दुसरी दुसऱ्यात: पंखे फिरले, डिस्प्ले नाही, बीपसुद्धा नाही.

दोष दुसऱ्या स्लॉटमध्ये होता. टॉर्च लावून पाहिलं, काही दिसलं नाही. मी स्लॉटवर अल्कोहोल मारायच्या तयारीत असताना पोरगा हळूच म्हणाला, “काका, त्या ब्रशचे केस गळत होते.”

“कधी?”

“रॅम काढली होती तेव्हा. मी वेचले सगळे. दिसले तेवढे.”

मी भिंग घेतलं, टॉर्च आडवा धरला. वरून प्रकाश टाकला की स्लॉटच्या काळ्या भिंतींत काळा केस दिसत नाही. आडव्या उजेडात त्याची सावली पडते. होता. स्लॉटच्या मध्यावरच्या खाचेजवळ, संपर्काच्या पट्ट्यांवर तिरपा पडलेला, नखाएवढ्या लांबीचा, टोकाला जुन्या ऑइलपेंटचा ठिपका असलेला. रॅम दाबून बसवली की तो पट्ट्यांमध्ये दाबला जायचा आणि दोन-चार संपर्क अधांतरी राहायचे. प्लास्टिकच्या चिमट्यानं मी तो उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. पोरगा वाकून बघत राहिला. त्यानं ‘दिसले तेवढे’ म्हटलं नसतं तर मी तो स्लॉट मेला म्हणून सोडून दिला असता आणि एका पट्टीवर मशीन परत दिलं असतं. निम्म्या मेमरीत पेजमेकरची जड पानं उघडताना ताईंनी पुढची सगळी वर्षं त्या पोराला बोल लावला असता.

दोन्ही पट्ट्या लावून मशीन सुरू झालं तेव्हा ताई परत आल्या होत्या. पडद्यावर बायोसची तक्रार होती आणि तारीख 1 जानेवारी 2009. “बघा, हेही बिघडवलं!” त्या म्हणाल्या. ते पोरानं बिघडवलेलं नव्हतं, हे मला त्यांना नीट समजावून सांगावंसं वाटलं. बोर्डावर सीआर 2032 नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. पण ताईंचा कॅबिनेट वर्षानुवर्षं प्लगला लागलेला. बंद असतानाही एसएमपीएसमधून थोडी वीज येतच राहते आणि सेलवर भार पडत नाही. तो कधीचाच संपलेला होता. साफसफाईसाठी दोन दिवस प्लग निघाला, तेव्हा ते उघडं पडलं इतकंच. जुन्या मशीनच्या कपॅसिटरचंही असंच असतं: सतत चालू ठेवलं तर चालतात, एकदा थंड झाले की उठत नाहीत. 2000 च्या आगेमागे बनलेल्या कित्येक बोर्डांत निकृष्ट इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर होते, जगभर ते फुगले, गळले. पुसणाऱ्याच्या नावावर त्यातलं किती खपलं असेल!

सेल बदलला, तारीख घातली, हार्ड डिस्क जोडली. काही मशीनमध्ये इथंही ठेच लागते. सेटिंग मूळ पदावर गेल्यानं हार्ड डिस्कचा मोड बदलतो आणि एक्सपी निळी पाटी दाखवून थांबते. इथं तसं झालं नाही. विंडोज आलं, पेजमेकर उघडला, आणि श्रीलिपीनं डोंगल सापडत नाही म्हणून सांगितलं. ताईंनी कपाळाला हात लावला. डोंगल पुढच्या यूएसबीत खोचलेला होता, आणि त्या पोर्टची वायर मध्ये येणाऱ्या वायरींबरोबर पोरानं सोडवलेली. ती परत लावायला तो कचरला होता, पिना नऊ आणि दिशा ठाऊक नाही. त्यानं ती न लावता मोकळी ठेवली, हे मला फार आवडलं. यूएसबीचा प्लग उलटा किंवा सरकून बसला तर पोर्ट जळतो, आणि त्यात लावलेला डोंगलही जाऊ शकतो. तो गेला असता तर श्रीलिपीच उघडली नसती, आणि मग चाळीस पानं हार्ड डिस्कवर असूनही नसल्यासारखी. न कळणारी वायर सोडून देणं हे आमच्या कामातलं मोठं शहाणपण आहे, आणि शिकवून ते सहसा येत नाही. ताईंच्या समोर मी त्याला ते सांगितलं. बोर्डावरची पिन नसलेली दहावी जागा दाखवली, प्लगमधलं बुजवलेलं भोक तिच्याशी जुळवायचं हे दाखवलं, आणि वायर त्यालाच लावायला दिली.

श्रीलिपी उघडली. अंकाचं पान पडद्यावर आलं, काना-मात्रेसकट जागच्या जागी. ताई काही वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या, मग पोराकडे वळून म्हणाल्या, “चहा घेतलास का?”

मी त्यांना तेवढ्यावर जाऊ दिलं नाही. बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळ्या फायलींची प्रत घ्यायला बसवलं, आणि प्रत होईपर्यंत पोराला पुढच्या वर्षीचं काम समजावलं. प्लग काढायचा आणि बटण एकदा दाबून उरलेली वीज जिरवायची. पत्रा उघडल्यावर पहिल्यांदा मोबाइलवर फोटो काढायचा, प्रत्येक वायरीचा, जवळून. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात टेकायचा. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, चिपला मात्र त्याच्या कितीतरी आतच इजा होते. पंख्यावर वारा मारताना पातं बोटानं धरून ठेवायचं. फिरू दिलं तर मोटर उलटी वीज बनवते आणि बेअरिंग झिजतं ते वेगळं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ न्यायची नाही. स्लॉट उघडे असताना ब्रश चालवायचा नाही.

“आणि ब्रश?” त्यानं विचारलं.

मी माझा अँटिस्टॅटिक ब्रश दाखवला. ताईंनी त्याची किंमत विचारली, पर्समधून पैसे काढून त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “आजच आण. दुसऱ्या मशीनचा पुढचा पंखा पण आवाज करतोय, तो तूच बघ.”